उगवतीचा बांध

वैरागच्या आसपासच्या जमिनीचं खरेदीखत कुणी वाचून दाखवायला लागलं, की गट नंबर आणि क्षेत्र झाल्यावर चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस तमक्याची, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. क्रम ठरलेला. सुरुवात पूर्वेपासून, मग देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं फिरून शेवट उत्तरेला. दस्त लिहिणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या आधीच्यानं तसंच लिहिलेलं असतं. पण सह्या-अंगठे झाले, चहा झाला आणि माणसं रानात गेली की पूर्व हा शब्द नाहीसा होतो. तिथं बांध असतो तो उगवतीचा. विहीर मावळतीच्या अंगाला. ‘पूर्वेचा बांध’ असं म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर तलाठी असतो, नाही तर मोजणीवाला.

हा फरक लहानपणापासून कानावर होता, पण त्याच्यापाशी थांबावं असं कधी वाटलं नाही. थांबायला लावलं ते एका ग्रीक शब्दानं. सोलापुरातल्या ओळखीच्या एका पाळकसाहेबांकडे ग्रीक नवा करार होता, प्रत्येक ओळीखाली शब्दाला शब्द अर्थ छापलेला. निवृत्तीनंतर तो मी मागून आणला, अक्षरं गिरवली आणि कोश शेजारी ठेवून वाचत बसलो. माझं ग्रीक अजूनही कोशाचा हात धरूनच चालतं. मी ख्रिस्ती नाही. पण गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा मला लोभ आहे, आणि शेतातल्या गोष्टी इतक्या थोडक्यात सांगणारा येशूसारखा माणूस विरळा.

त्या वाचनात अनातोले हा शब्द पुन्हा पुन्हा आडवा येऊ लागला. शेजारच्या मराठी प्रतीत त्या जागी बहुतेक ठिकाणी पूर्व होतं. कोशात मात्र पहिला अर्थ उगवणं, आणि त्यावरून उगवण्याची बाजू. त्याच्या समोर दुस्मे, म्हणजे मावळणं, आणि त्यावरून मावळण्याची बाजू. दिशा म्हणून वापरताना हे शब्द बरेचदा अनेकवचनी येतात. रोजचं एकेक उगवणं जमा होत गेलं आणि त्याची दिशा झाली, असं काहीसं त्यातून मला ऐकू येतं. व्याकरणकार याला मान डोलावतील की नाही, सांगता येत नाही. तुर्कस्तानच्या पठाराला अनातोलिया म्हणतात तोही हाच शब्द. ग्रीसमधल्या माणसाला दिवस तिकडून वर येताना दिसे, म्हणून तो मुलूखच उगवतीचा झाला.

आपल्या पोथीतल्या दिशा वेगळ्या वाटेनं आल्या आहेत. पूर्व म्हणजे पुढचा, आधीचा. सकाळी सूर्याकडे तोंड करून माणूस उभा राहिला. समोर ते पूर्व, पाठीमागं ते पश्चिम, उजव्या हाताला ते दक्षिण. दिशा अंगावरून मोजलेल्या. हिब्रूतही हाच हिशेब. केदेम म्हणजे समोरचं आणि पूर्वेचं, शिवाय पुरातनही. यामीन म्हणजे उजवा हात आणि दक्षिण. त्याच उजव्या हातावरून अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला येमेन नाव पडलं, असं मानतात. दक्षिणेवरून दख्खन झालं आणि आमचा सोलापूर जिल्हा त्या दख्खनात बसला. म्हणजे येमेनी माणूस आणि वैरागचा माणूस दोघेही कुणाच्या तरी उजव्या हाताला राहतात, आणि तो कुणीतरी कधीचा निघून गेला आहे.

ग्रीकांनी अंगाऐवजी आभाळाकडे पाहिलं. उगवणं, मावळणं, दक्षिणेला मेसेम्ब्रिया म्हणजे भर दुपार, उत्तरेला वाऱ्याचं नाव, नाही तर अस्वलाचं, कारण आपल्या सप्तर्षींच्या जागी त्यांना अस्वल दिसे. या मेसेम्ब्रियानं एके ठिकाणी गंमत केली आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाला यरुशलेमहून गाझाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जायला सांगितलं जातं. दक्षिणेकडे जा, की दुपारचा जा? ग्रीक वाक्य दोन्ही अर्थ देतं. बहुतेकांनी दक्षिण धरली आहे. वैरागकराला विचाराल तर तो म्हणेल, चैतात भर दुपारी निर्जन रस्त्यानं जायला सांगितलं असेल तर ती आज्ञा देवाचीच. माणूस असं सांगत नाही.

जुन्या करारातल्या गणनाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, वाळवंटातल्या इस्राएलांच्या छावणीची मांडणी आहे. मधे पवित्र तंबू, त्याचं दार पूर्वेला. पूर्वेस यहूदाचा तळ, दक्षिणेस रऊबेनाचा, पश्चिमेस एफ्राइमाचा, उत्तरेस दानाचा. वाचताना मला हसू आलं. आमच्या दस्तलेखकाचाच क्रम! आमचं गावही तसंच बांधता येतं: उगवतीला तुळजापूर, दक्षिणेस सोलापूर, पंढरपूर खाली नैऋत्येस, आणि बार्शी उत्तरेला जरा मावळतीकडे कलून. चारी बाजूंचे धनी ठरलेले.

ख्रिस्ताच्या आधी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुदी पंडितांनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायला घेतले. हे काम पुढे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि नव्या कराराच्या लेखकांनी वाचलं ते बरंचसं हेच ग्रीक भाषांतर. छावणीच्या या अध्यायात ते पश्चिमेशी अडखळले असणार. हिब्रूत पश्चिमेला याम म्हणतात, म्हणजे समुद्र, कारण यहूदी डोंगरावरून मावळतीला भूमध्य समुद्र. पंडितांनी तिथं थालास्सा लिहून टाकलं, नुसता समुद्र. आता अलेक्झांड्रियात समुद्र उत्तरेला! तिथला वाचक हे वाचून कुठे तोंड करत असेल? शब्दाला शब्द देण्याच्या निष्ठेपायी एका शहराची दिशा फिरली. वैरागहून समुद्र मावळतीलाच आहे, सह्याद्रीपलीकडे. पण आमच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांपैकी कित्येकांनी तो पाहिलेला नसतो, आणि त्याच्या नावानं कुणी बांध सांगत नाही.

दुसरा घोटाळा केदेमचा. एदेनची बाग देवानं कुठं लावली, तर केदेमला. ग्रीक पंडितांनी अनातोले घेतलं: उगवतीकडे. पुढे सहा-सातशे वर्षांनी बेथलेहेमात बसून लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनं तिथं दिशा काढली आणि काळ घातला: आरंभापासून. हिब्रू शब्दात दोन्ही होतं. आपल्या पूर्व शब्दातही दोन्ही आहे. पूर्वेला बाग होती, पूर्वी बाग होती. एका मात्रेचा फरक. ती बाग शोधायला निघालेल्या माणसानं चालत जावं की जुनी कागदपत्रं काढावीत, हा प्रश्न त्या एका शब्दात अडकून पडला. उगवती या शब्दात मात्र भूतकाळ नाही. उगवतीला जे आहे ते उद्या सकाळी येणार असतं.

हे सगळं मी पंडितांच्या पुस्तकांतून वेचत होतो. शब्द रानात उतरला तो पेरणाऱ्याच्या दाखल्यात. तो सगळ्यांना ठाऊक आहे: पेरणारा निघाला, काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकाळीवर पडलं, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. खडकाळीवरचं बी लगेच उगवलं, कारण माती खोल नव्हती. मग सूर्य उगवला आणि ते करपलं. मत्तय आणि मार्क या दोघांनीही इथं बियाण्याला आणि सूर्याला एकाच मुळाचं क्रियापद वापरलं आहे. सूर्याला अनातेल्लो, बियाण्याला त्याच्याच आधी एक उपसर्ग लावून. बी उगवलं, दिवस उगवला, बी गेलं. मारणारा आणि मरणारा एकाच क्रियापदाचे. इंग्रजीत अंकुराला एक शब्द लागतो आणि सूर्याला दुसरा. आपल्या मराठीत हे वाक्य जसंच्या तसं उभं राहतं, तेही ओढाताण न करता.

मी हा दाखला आमच्या चुलत्यांना, आप्पांना, सांगितला. आप्पांनी पहिला प्रश्न केला तो वाटेवर पडलेल्या बियाण्याचा.

‘‘वाटंवर कशाला पेरतंय त्ये?’’

म्हटलं, तिकडे हातानं फोकून पेरत.

‘‘मग बराबर हाय. तिफणीचं बी वाटंवर जात न्हाई.’’ आणि जरा थांबून, ‘‘दुसरं रान मुरमाड हाय. वर चार बोटं माती, खाली दगूड. तसल्या रानात उगवण दांडगी दिसती. बांधावरनं बघणारा भुलतोय.’’

म्हटलं, सूर्य उगवला आणि करपलं.

‘‘दिस काय त्येच्यावरच उगवला व्हय? काळीतल्या ज्वारीवरबी त्योच उगवलाय की. मूळ खाली गेलं न्हाई म्हणून गेलं त्ये.’’

मत्तयानं नेमकं हेच त्याच वाक्याच्या शेवटी म्हटलं आहे. मूळ नव्हतं म्हणून. आप्पांनी ते वाचलेलं नव्हतं.

लूकनं हा दाखला सांगताना सूर्य काढूनच टाकला. क्रियापदही दुसरं घेतलं. ओल नव्हती म्हणून वाळलं, एवढंच तो म्हणतो. सोलापूर जिल्ह्याच्या शेतीकडे पाहिलं तर लूकच्या बाजूनं मत द्यावं लागेल. आमची खरी ज्वारी रब्बीची. भाद्रपद-आश्विनात पेरायची, त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच. सगळं पीक काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर निघतं. माती जितकी खोल, तितकी ओल फार दिवस पुरते, आणि मूळ तिच्या मागं मागं खाली जातं. मालदांडी या गावरान वाणातून निवडलेली ३५-१ ही जात शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावरची. नंतर कितीतरी सुधारित वाण आले, पण भाकरीसाठी आणि कडब्यासाठी माणसं अजून तिचंच नाव घेतात. ती खोल काळीत जे करून दाखवते ते मुरमात जमत नाही. येशूच्या ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसणार. शिष्यांना मात्र लागलं, आणि बायबलमध्ये दाखल्याच्या पाठोपाठ त्याचं स्पष्टीकरण आलं. ते स्पष्टीकरण मला जरा शाळेतल्या टिपेसारखं वाटतं. खडक म्हणजे हे, काटे म्हणजे ते. दाखला त्याच्याशिवायही पुरा आहे.

उगवणे हे क्रियापद आपल्याकडे किती कामाचं आहे, हे बियाण्याच्या दुकानात कळतं. पिशवीवरच्या लेबलावर उगवणक्षमता छापलेली असते. ज्वारीला किमान ७५ टक्के, सोयाबीनला ७०. घरचं सोयाबीन ठेवलं असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजतात आणि मग पेरायचं की नाही ते ठरवतात. पेरणीनंतर आठवड्यानं भेटलेल्या माणसाला पीक कसं आहे असं कुणी विचारत नाही. ‘‘उगवण कशी हाय?’’ असं विचारतात. मृग कोरडा गेला तर दुबार पेरणी. त्या दिवसांत उगवतीकडे पाहणं आणि उगवणीकडे पाहणं या एकाच घरातल्या दोन काळज्या असतात.

ग्रीकमध्येही तेच झालं, आणि त्यातून मोठी गोष्ट निघाली. यिर्मया आणि जखऱ्या या संदेष्ट्यांनी येणाऱ्या राजाला त्सेमाख म्हटलं आहे: फुटवा, अंकुर, जमिनीतून वर येणारा कोंब. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरात त्या जागी अनातोले आलं. चूक मुळीच नव्हती. ग्रीकमध्ये कोंब फुटणंही अनातोले. यहेज्केलाच्या पुस्तकात तर ‘शेतातली अनातोले’ अशीच जोडी आहे, म्हणजे रानात उगवून आलेलं. पण ग्रीक वाचणाऱ्याला, आणि पुढे ख्रिस्ती वाचकाला, त्यात कोंबाबरोबर सूर्यही दिसू लागला. जखऱ्याच्या पुस्तकात एका माणसाचं नावच अनातोले असल्याचं सांगितलं आहे. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो या नावापाशी थबकला. हाडामांसाच्या माणसाला असं नाव विचित्रच, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं त्या नावाचा धनी निराकार ठरवला, देवाचा थोरला पुत्र. फिलो शहरातला माणूस. शेतात वाढलेल्याला उगवण हे नाव कदाचित इतकं विचित्र वाटलं नसतं. आमच्याकडे उदय नावाची मुलं गल्लोगल्ली आहेत.

लूकच्या पहिल्याच अध्यायात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप आपल्या मुलाच्या जन्मानंतर जे स्तोत्र म्हणतो, त्यात हा शब्द सगळ्यांत अवघड ठिकाणी येतो. या बापाचं नावही जखऱ्याच. तो म्हणतो की देवाच्या दयेमुळे उंचावरून अनातोले आमच्या भेटीला येईल. आता विचार करा. सूर्य उगवतो तो क्षितिजाखालून वर. कोंब येतो मातीतून वर. अनातोले या शब्दाच्या अंगातच ‘अना’, म्हणजे वर जाणं, आहे. आणि इथं ती उंचावरून खाली येते! मराठी अनुवादक इथं उदय, पहाट, प्रकाश यांच्या आसपास राहिले, आणि बरं केलं. कोंब वरून खाली कसा आणणार? पण मला त्या ग्रीक वाक्यातला अडथळा हवासा वाटतो. वडाची पारंबी पाहिलेल्या माणसाला तो फार वेळ अडवणार नाही.

मागी लोकांच्या ताऱ्याकडे मी जरा सावकाश येतो, कारण त्या गोष्टीला आमच्या जिल्ह्यातून थेट उत्तर आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हे ज्ञानी लोक उगवतीकडून यरुशलेमात येतात आणि म्हणतात की आम्ही त्याचा तारा उगवतीला पाहिला. मराठीत तिथं पूर्व दिशा आली की एक साधी अडचण उभी राहते: पूर्वेच्या माणसांना तारा आणखी पूर्वेला दिसला असेल, तर ते उलट्या बाजूला का आले? ग्रीक नीट पाहिलं तर ते आले तिथं शब्द अनेकवचनी आहे आणि तारा पाहिला तिथं एकवचनी, तोही निश्चित. म्हणून आता पुष्कळ अभ्यासक असं वाचतात की त्यांनी तारा ‘उगवताना’ पाहिला, त्याचा उदय पाहिला. दिशा नव्हे, प्रसंग.

ज्योतिषी मंडळींना प्रसंगच लागतो. तारा किंवा ग्रह सूर्याच्या फार जवळ गेला की काही दिवस दिसेनासा होतो. मग एका पहाटे किंवा एका सांजेला पुन्हा दिसतो. सोलापुरातून निघणारं दाते पंचांग आमच्याकडे घरोघरी भिंतीला टांगलेलं असतं. त्यात गुरू-शुक्राचा अस्त-लोप पाहिल्याशिवाय लग्नाची तारीख धरत नाहीत. अगस्त्याचा उदय झाला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, हा समजही जुनाच. मागी लोकांना आपल्या उपाध्यांची भाषा कळली असती, यात मला शंका नाही. ग्रीक खगोलात तर रोजच्या उगवण्याला आणि वर्षातल्या या पहिल्या दर्शनाला दोन वेगळे शब्द केले होते. मत्तयानं त्यातला साधा, रोजचा शब्द वापरला. पंचांगात एक नोंद असते ती मला लहानपणी फार चमत्कारिक वाटायची: शुक्राचा पश्चिमेस उदय. पश्चिमेला उदय कसा होईल? पण सूर्यामागं लपलेला शुक्र संध्याकाळच्या आभाळात पुन्हा दिसू लागला, की तो पश्चिमेसच उगवला म्हणायचं. उगवणं आणि पूर्व यांची गाठ आपल्या ज्योतिषांनी केव्हाच सोडवून ठेवली आहे.

मग मराठी बायबलात पूर्व का बसलं? मत्तयाचं शुभवर्तमान छापील मराठीत पहिल्यांदा आलं ते १८०५ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरहून, विल्यम कॅरीच्या छापखान्यातून. पाठोपाठ १८११ साली पूर्ण नवा करार. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनरी आले, त्यांचं एक मोठं ठाणं सोलापुरात झालं, आवृत्त्या सुधारत गेल्या. या कामात त्यांच्या शेजारी बसले ते पंडित, आणि पंडिताच्या लेखणीत पूर्वच येणार. धर्मग्रंथाला दस्तऐवजाची भाषा हवी, रानातली नको, असं दोघांनाही वाटलं असल्यास नवल नाही.

याला छेद देणारं माणूस म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या विद्वानांकडून सरस्वती ही पदवी मिळवलेली बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, आणि मूळ भाषांतून सबंध बायबल सोप्या मराठीत आणायच्या कामाला लागली. जागा केडगाव, पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावरचं, मुक्ती मिशनचं आवार. दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा मुली-बायका तिथं राहत. छापखानाही तिथलाच, आणि त्याच बायका खिळे जुळवत. वाचणाऱ्याही त्याच व्हाव्यात, अशी रमाबाईंची इच्छा. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. सबंध ग्रंथ त्यांच्या मागं प्रसिद्ध झाला. संस्कृत इतकं अंगात मुरलेल्या माणसाला सोपं लिहिणं हीच मोठी साधना असते. समोर कपाशीच्या आणि ज्वारीच्या रानातून आलेल्या बाया. त्यांच्या तोंडात दिशा होत्या त्या उगवत आणि मावळत. ग्रीक नवा करार लिहिणाऱ्यांच्या तोंडातही त्याच. मधल्या सगळ्या विद्वानांना वगळून ही दोन टोकं एकमेकांना भेटू शकतात, हे केडगावच्या त्या खोलीतलं काम मला सांगतं. रमाबाईंनी प्रत्येक ठिकाणी कोणता शब्द घेतला यापेक्षा त्यांनी तो कुणासाठी घेतला, याचं मला अधिक मोल आहे.

मी स्वतः सगळीकडे उगवती घालावी या मताचा नाही. प्रकटीकरणाच्या शेवटी नव्या यरुशलेमाला चारी दिशांना तीन-तीन वेशी आहेत. तिथं मोजमाप चाललं आहे, देवदूताच्या हातात सोन्याची काठी आहे. तिथं पूर्व, उत्तर, दक्षिण, पश्चिम हेच शोभतं. मोजणीवाला आहे तो. पण उगवतीकडून आणि मावळतीकडून माणसं येऊन अब्राहामाच्या पंगतीला बसतील, असं येशू एका रोमी अधिकाऱ्याचा विश्वास पाहून म्हणतो, तिथं मी नि:शंकपणे रानातला शब्द घेईन. पंगतीला बोलावताना दस्ताची भाषा कुणी वापरत नाही.

आणि लूकच्या बाराव्या अध्यायातला ढग. येशू लोकांना म्हणतो की मावळतीला ढग वर येताना दिसला की तुम्ही लगेच पाऊस येणार म्हणता, आणि येतो. दक्षिणेचा वारा सुटला की ऊन तापणार म्हणता, आणि तापतं. ग्रीकमध्ये तो ढग मावळतीला ‘उगवतो’, त्याच अनातेल्लो क्रियापदानं. आपल्या पंचांगातला शुक्रच जणू. पॅलेस्टाइनमध्ये मावळतीला समुद्र, तिकडून ओल; दक्षिणेला वाळवंट, तिकडून झळा. तिथला शेतकरी आभाळाचं तोंड वाचायला शिकला तो असा.

आमच्याकडेही पावसाळा मावळतीकडूनच येतो, निदान शाळेच्या भूगोलात. प्रत्यक्षात सह्याद्री त्यातलं बहुतेक काढून घेतो. जूनमध्ये मावळतीला काळं होतं, वारं सुटतं, पत्रे वाजतात, आणि चार थेंब टाकून ढग बालाघाटाकडे निघून जातात. आमचा भरवशाचा महिना सप्टेंबर. तो पाऊस बंगालच्या उपसागरात उठलेल्या पट्ट्यांतून, उगवतीच्या अंगानं येतो, आणि त्याच्यावर रब्बीची पेरणी होते. तेव्हा आप्पांना हा अध्याय वाचून दाखवला, तर ते येशूच्या श्रोत्यांची चूक काढणार हे मला आधीच कळलं होतं.

‘‘मावळतीच्या ढगाव भरवसा?’’ ते म्हणाले. ‘‘त्या गावाला बियाणं उदार द्यायचं न्हाई.’’